पाहुणीला ‘जा’ कोणी म्हणायचं

"अनारसे सरले, चिवडा सरला, पन पाव्हनी काई सरून नाई रायली."

तुलसाबाई हे भिंतीकडे तोंड करून बोलल्या, म्हणजे ते सुनेसाठी होतं. ओमेश्वरी खाली बसून त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत होती. सासूचं तोंड आणि सुनेचा कान यांत वीतभर अंतर. पण काही वाक्यं अशी असतात की ती ऐकली तर घरात काहीतरी करावं लागतं, म्हणून ती ऐकायची नसतात. ओमेश्वरीने दुसरा गुडघा घेतला.

पलीकडच्या खोलीत पाहुणी पुस्तक वाचत होती. तिला मराठी किती कळतं याबद्दलचं घरातलं मत रोज बदलत असे. म्हणून तुलसाबाईंवर मोठीच आपत्ती आली होती. ज्या घरात त्यांनी उभं आयुष्य खणखणीत आवाजात कुरकुर केली, तिथे आता त्यांना कुजबुजत कुरकुर करावी लागत होती, आणि अशा कुरकुरीने मन भरत नाही.

पाहुणीचं नाव अबेना. गाव आफ्रिकेतल्या घाना देशात. शिष्यवृत्तीवर नागपूरला औषधशास्त्र शिकायला आलेली. दिवाळीत वसतिगृहाची खानावळ बंद पडते आणि ही परदेशातली पोरं रिकाम्या इमारतीत बिस्किटं खात बसतात, म्हणून तिथल्या एका प्राध्यापकांनी त्यांना सुटीपुरतं एकेका घरी पाठवायचं ठरवलं. हे प्राध्यापक म्हणजे ओमेश्वरीचे यजमान धनेंद्र टेंभरे यांचे जुने वर्गमित्र. धनेंद्र सडक अर्जुनीच्या शाळेत इंग्रजी शिकवत. नोकरीला लागल्यापासून इंग्रजी शिकवत होते, पण इंग्रजी बोलायला माणूस मिळाला नव्हता. त्यांनी फोनवर आधी हो म्हटलं, मग फोन ठेवला, मग ओमेश्वरीला विचारलं.

"दिवाळीपुरतीच आहे," ते म्हणाले. "घरातल्यासारखी राहील."

"घरातल्यासारखी रायली तं बरंच आहे. पाव्हन्यासारखी रायली तं काय करू?" ओमेश्वरी म्हणाली. पण तोवर बातमी शेजारी पोहोचली होती.

शेजारच्या सुशीलाबाई कापगते यांना परदेशी माणसांची पूर्ण माहिती होती, कारण त्यांची निशा हैदराबादला नोकरीला होती. त्या ओमेश्वरीला म्हणाल्या, "त्यायले तिखट चालत नाई, मामी. पावरोटी आना, जाम आना. भाताले तं हातच लावत नाई थे लोकं." त्यांचे यजमान दुधराम जेवणाच्या पुढचा विचार करणारे. ते धनेंद्रांना बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, खान्याचं होऊन जाईन. संडासाचं काय?" झालं. जुन्या संडासाच्या शेजारी बसवायला गोंदियाहून कमोड आला, गवंडी आला, जुनी फरशी फुटली, पाइप दुसऱ्याच मापाचा निघाला आणि नरक चतुर्दशीला घरातल्या सगळ्यांनी कापगत्यांकडे रांग लावली.

अबेना आली. उंच, हसरी, डोक्यावर बारीक बारीक वेण्यांची शेतातल्या बांध्यांसारखी आखीव रचना. तिला पहिल्या दिवशी पावरोटी-जाम दिला, तो तिने खाली मान घालून खाल्ला. दुसऱ्या दिवशीही खाल्ला. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन तिच्या नागपुरी हिंदीत हळूच म्हणाली, "मम्मी, वो चावल आप लोग किसके लिए बनाते हैं?" ओमेश्वरीने घाबरत घाबरत ताट वाढलं. अबेनाने भात घेतला, वरण घेतलं, मग हिरव्या मिरच्यांची वाटी जवळ ओढली आणि एकेक मिरची अशी खाल्ली की धनेंद्रांना पाहूनच ठसका लागला. जाम तुलसाबाईंनी संपवला. कमोडही शेवटी त्यांनाच लाभला. अबेनाला जुना संडासच बरा वाटला, आणि तुलसाबाईंचे गुडघे त्या सिंहासनावर असे काही सुखावले की त्यांना हाक मारायची झाल्यास आधी तिकडे पाहावं लागे.

इथवर सगळं नीट चाललं होतं. पुढचं कळायला या घराचा एक कायदा माहीत असायला हवा.

टेंभऱ्यांच्या घरात पाहुण्याला जाण्याबद्दल विचारत नाहीत. तसं ते आमच्या भागात कोणीच विचारत नाही, पण या घरात तर त्या विषयाचा वाराही चालत नाही. त्याला कारण धनेंद्रांचे भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान, उदाराम. काही वर्षांपूर्वी ते मुक्कामाला होते. सकाळी चहा पिताना धनेंद्रांनी सहज, अगदी काळजीपोटी विचारलं, "भाऊजी, गाडी किती वाजताची?" उदारामांनी कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. पिशवी उचलली, बायकोला म्हणाले, "चाल, तुह्या भावाले घाई झाली," आणि त्यानंतर त्यांनी या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. लग्नकार्यात भेटले तर धनेंद्रांकडे पाहून ते आधी घड्याळ बघतात.

आणि घर कुठे, तर हायवेला लागून, एसटीच्या थांब्याच्या बरोबर समोर. दिवसभर कंडक्टर आणि जीपवाले ओरडत असतात, "साकोली, लाखनी, भंडारा, नागपूर." पाहुणे घरात असले की टेंभरे कुटुंबाला हे काहीच ऐकू येत नाही. सगळे चटकन खाली बघतात, नाहीतर मोठ्याने भाजीबद्दल बोलतात.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी अबेना आंघोळ करून, मोठ्या फुलांचा कपडा नेसून बैठकीत आली आणि खाली बसली. तिघांकडे एकेकदा पाहून म्हणाली, "मम्मी, सर, दादी. आपने मुझे बहुत प्यार से रखा. अब मैं जाने की इजाज़त माँगती हूँ."

केवढी रीतभात, असं ओमेश्वरीला वाटलं. आपला मुलगा तिलक पुण्याहून येतो, दोन दिवस झोपतो आणि मोटारसायकलवर बसल्यावर "येतो वं आई" म्हणतो. अशा पोरीला तसंच रीतीचं उत्तर द्यायला हवं. ती म्हणाली, "काऊन बाई, इतनी जल्दी? अभी तो आई हो. रहो और दो दिन."

आता, हे कसं असतं ते सांगायला नको. पाहुणा म्हणतो निघतो, आपण म्हणतो राहा. तो म्हणतो नाही, कामं आहेत; आपण म्हणतो कामं रोजचीच. तो पिशवी उचलतो, आपण पिशवी ओढतो, आणि या ओढाताणीत पिशवीत तांदूळ, पोहे, चार लाडू जाऊन पडतात आणि सगळे थांब्यापर्यंत सोडायला जातात. राहा म्हणणं हा निरोपाचाच पहिला भाग.

अबेनाने पिशवी उचलली नाही. ती जराशी थांबली, मान लववली, "ठीक है मम्मी," म्हणाली आणि आत जाऊन घड्या घातलेले कपडे पुन्हा खुंटीवर टांगले.

"मानलं तिनं," धनेंद्र म्हणाले.

"हो," ओमेश्वरी म्हणाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. आग्रहाला इतका मान आजवर त्यांच्या घरी कोणी दिला नव्हता.

दोन दिवसांनी तिने पुन्हा तसंच बसून विचारलं. त्या वेळी सुशीलाबाई साखर मागायला आलेल्या. ओमेश्वरीने तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "अवो, मंडई पाह्यल्याबिगर पाव्हना जाते का कुठी?" दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडया भरतात. पाळणे, उसाच्या मोळ्या, शिंगाडे, रात्रभर दंडारीचं नाटक. एका गावची आज, दुसऱ्याची उद्या, आणि प्रत्येक गावात कुणाचं ना कुणाचं माहेर. एका मंडईला जाऊन दुसरीला न जाणं म्हणजे दुसऱ्या माहेराचा अपमान. अबेना सुशीलाबाईंच्या माहेरी गेली, सुशीलाबाईंच्या जावेच्या माहेरी गेली, भांडी घासायला येणाऱ्या रुख्माच्याही माहेरी गेली. तिथे बायकांनी तिच्या वेण्यांना हात लावून पाहू का विचारलं, तर ती म्हणाली, लावा, पण मग मीही तुमचे केस विंचरून पाहीन. दुधरामांनी तिला पूर्वजांनी बांधलेला तलाव दाखवला आणि पाळीवर उभं करून आपल्या कोहळी समाजाच्या साऱ्या पिढ्या सांगितल्या. दुधरामांचं हे भाषण कापगत्यांच्या घरात कोणी ऐकत नाही. अबेनाने उलट प्रश्न विचारले. त्या दिवसापासून दुधराम टेंभऱ्यांच्या अंगणातून जाताना म्हणत, "पोरगी बरी आहे. घाई नका करू."

घाई कोणीच करत नव्हतं. अबेना आता रोज सकाळी इजाजत मागायची, कोणीतरी रीतीप्रमाणे राहा म्हणायचं, आणि कपडे खुंटीवर जायचे. धनेंद्रांची इंग्रजी पहिल्या आठवड्यातच संपली होती. आता ते शाळा सुटल्यावर उगाच वाचनालयात बसत, कारण घरी बनियनवर बसायची सोय नव्हती.

त्यात केवलराम. परदेशी पाहुणी आली तेव्हा धनेंद्र नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात सांगायला गेले होते. तिथून त्यांना गोंदियाला पाठवलं, गोंदियाने झेरॉक्स मागून परत पाठवलं, आणि शेवटी शिपाई केवलरामवर हे घर सोपवलं गेलं. पाहुणी आली याची नोंद झाली होती. गेली याची नोंद व्हायची होती, आणि ती झाल्याशिवाय केवलरामच्या डोक्याचा भार उतरणार नव्हता. तो एक दिवसाआड सायकल लावून अंगणातूनच विचारी, "गुरुजी, पाव्हनी कवा जाऊन रायली?"

"हळू," धनेंद्र धावत बाहेर येत. "हळू बोल. ऐकंन ती."

"ऐकू द्या ना. तिलेच विचारतो."

"बस, बस. चहा घे."

घरात जो प्रश्न विचारायला बंदी, तोच प्रश्न गणवेश घालून दारात येई आणि चहा पिऊन जाई.

ओमेश्वरीचं म्हणाल तर तिच्याकडे तक्रारीची रीतसर सगळी कारणं होती आणि तक्रार मात्र नव्हती. दुपारी सगळं आवरलं की ती आणि अबेना एकच सूप मधे घेऊन तांदूळ निवडत बसत. अबेना खडे वेचता वेचता औषधांची लांबलचक नावं पाठ करायची. ओमेश्वरीला त्यातलं काही कळत नव्हतं, पण चुकली की कळे, कारण मग अबेना स्वतःच्या गालावर टिचकी मारायची. एका दुपारी तिने ओमेश्वरीच्या केसांच्या तशाच बारीक वेण्या घातल्या. तुलसाबाई हसून हसून पलंगावर आडव्या झाल्या. तेवढ्यात केवलराम आला, आणि ओमेश्वरीने पदर भुवयांपर्यंत ओढून त्याला चहा दिला. तो बाहेर धनेंद्रांना म्हणाला, "बाई नाराज दिसतेत. बरोबरच आहे म्हना."

आणि मग, ज्या दिवशी तुलसाबाईंनी भिंतीला ते सांगितलं, त्याच संध्याकाळी नागपूरहून फोन आला.

"टेंभरे," प्राध्यापक मित्र म्हणाले, "त्या मुलीला परत पाठवायचा विचार आहे की नाही?"

"आमच्याकडून काही अडवणूक नाही," धनेंद्र म्हणाले. "ती जात नाही."

"ती म्हणते तुम्ही जाऊ देत नाही."

धनेंद्र खुर्चीवर बसले. मित्राने जे सांगितलं ते असं. कॉलेज सुरू होऊन आठवडा झाला. उद्या दुपारी अबेनाची तोंडी परीक्षा. परीक्षक बाहेरून येणार, ते एकदाच येतात. चुकली तर वर्ष जाईल. वर्ष गेलं की शिष्यवृत्ती थांबेल. ती थांबली की मुलीने सामान बांधून घानाला जायचं. "मी तिला फोनवर चिडून सांगितलं, बस पकड आणि ये. तर म्हणाली, सर, मी रोज विचारते, मम्मी नाही म्हणतात. त्यांच्याकडे यजमानाने जा म्हटल्याशिवाय पाहुणा उंबरा ओलांडत नाही. ओलांडला तर ते घर तोडल्यासारखं. तिला वाटतं तुमच्याकडे काहीतरी विधी राहिलाय, मंडई की काय, तो झाला की तुम्ही सोडाल. लेका, तू फक्त जा म्हण. एवढंच काम आहे."

एवढंच काम होतं. स्वयंपाकघरात बैठक बसली. अबेना बाहेर पाणी भरत होती.

"तुम्ही समजावून सांगा न," ओमेश्वरी नवऱ्याला म्हणाली. "इंग्रजीतून. आमचं राहा म्हनजे राहा नाई म्हना."

धनेंद्र गेले. बाहेरून त्यांचा आवाज येत होता, शाळेत असतो तसा. ते परत आले तेव्हा घामाघूम होते.

"काय म्हनाले तुम्ही?"

"सुरुवात बरोबर केली होती," ते म्हणाले. "पण शेवटी तोंडून निघालं, हे घर तुझंच आहे, हवं तितकं राहा. ती थँक्यू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते."

"डोये भरनच न," तुलसाबाई म्हणाल्या. "परीक्षा बुडून रायली पोरीची."

"मग तुम्ही सांगा, आई," ओमेश्वरी म्हणाली. "तुम्ही मोठ्या. मोठ्यानं म्हटलेलं चालते."

"मी? म्हातारपनी माह्या तोंडातून पाव्हन्याले जा निंगन? उद्या वर गेल्यावर याच्या बापाले काय तोंड दाखवू?" आणि त्या गुडघ्यांची तक्रार एकदम आठवून सिंहासनाकडे निघून गेल्या.

सुशीलाबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "मी कशी म्हनू, मामी? माह्या घरची पाव्हनी नाई." दुधराम म्हणाले, परीक्षा घरीच घेता नाही येत का. अंगणात केवलराम चहाची वाट पाहत उभा होता, त्याला सारं ऐकू गेलं असावं. तो दाराशी येऊन म्हणाला, "मी सांगू काय? कायद्यानं सांगतो, वाईट नाई वाटनार."

यावर सगळे एकदम त्याच्याकडे वळले.

"आमच्या पोरीले पोलीस जा म्हनन?" ओमेश्वरी म्हणाली. केवलरामने त्या दिवशी चहा न घेताच सायकल काढली.

रात्री जेवताना धनेंद्रांनी शेवटचा प्रयत्न म्हणून वर्तमानपत्रात बघत म्हटलं की सकाळच्या नागपूरच्या गाड्या आता फार चांगल्या झाल्या आहेत, रिकाम्याच असतात. अबेना म्हणाली, "अच्छा है, सर. लोगों को सुविधा होगी."

सकाळी ओमेश्वरी तिच्या खोलीत चहा द्यायला गेली. अबेना परसात होती. पलंगाखाली तिची बॅग दिसली. पट्टे आवळून बांधलेली, वर पुस्तक ठेवलेलं. ओमेश्वरीने बॅग जराशी सरकवून पाहिली. जड होती. ही रोज सकाळी अशी भरून ठेवत असणार आणि रोज नाही ऐकून रिकामी करत असणार, आणि खुंटीवरचे तेच तेच कपडे पाहून आपण म्हणत होतो, पोरगी रमली.

चहाचा कप तिथेच राहिला. बैठकीत धनेंद्र आणि तुलसाबाई आधीच येऊन बसले होते, कुणीही न बोलावता. समोर थांब्यावर कंडक्टरने आरोळी दिली, साकोली, लाखनी, भंडारा, नागपूर. कोणी खाली पाहिलं नाही. कोणी भाजीबद्दलही बोललं नाही.

अबेना आली. तोच फुलांचा कपडा. आज तिचा चेहरा मंडईतल्या पाळण्यातून उतरलेल्या माणसासारखा उतरला होता. तरी ती नीट बसली, तिघांकडे एकेकदा पाहिलं, आणि एकाही शब्दाची काटछाट न करता म्हणाली, "मम्मी, सर, दादी. आपने मुझे बहुत प्यार से रखा. अब मैं जाने की इजाज़त माँगती हूँ."

धनेंद्रांनी खाकरून घसा साफ केला आणि तो साफ करून तसाच ठेवला. तुलसाबाई भिंतीकडे वळल्या, पण भिंतीलाही काही सांगेनात.

"इतनी ज..." ओमेश्वरीचं तोंड आपोआप सुरू झालं होतं. तिने हात तोंडावर धरला. अबेनाचे खांदे खाली गेले. पुढचं वाक्य तिला पाठ होतं. ती उठून कपडे टांगायला जाण्यासाठी हात टेकतच होती.

आणि त्या एवढ्याशा वेळात ओमेश्वरीला उगाचच सगळं लख्ख दिसलं. उदारामांची भीती नवऱ्याची होती, घराची इज्जत सासूची होती. तिचं तसं नव्हतं. पहिल्यांदा तिने राहा म्हटलं ते रीत म्हणून. पण दुसऱ्या मंडईनंतर केव्हातरी, त्या सुपाशी बसून, ते राहा खरं होऊन बसलं होतं, आणि तिने ते रीतीच्या पदराखाली झाकून रोज पुन्हा पुन्हा म्हटलं होतं. तिलक पुण्याला जाताना ती त्याला हे कधी बोलली नव्हती. डबा घेतला का विचारायची. आतून पोळी आणायच्या निमित्ताने उठायची. या घरातून इतकी माणसं गेली, पण कुणी कुणाला ते सांगितलं नव्हतं.

तिने हात तोंडावरून काढला. अबेनाचा टेकलेला हात धरला आणि तिला बसतं केलं.

"जा," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण घरात पहिल्यांदाच ऐकू आला. "जा बाई तू आता. आजच, या गाडीनं जा. अना आयक, तू गेल्यावर मले करमनार नाई."